चित्र नंतर, शिक्का आधी: ध्रुवीय टपाल कसं वाचायचं

1933 साली अमेरिकी टपाल खात्याने 3 सेंटचं एक गडद निळं तिकीट काढलं. त्यावर पृथ्वीचा गोल, विमानमार्गांच्या रेघा आणि अमेरिकी ध्रुवीय संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या दुसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेचं नाव होतं. 3 सेंट म्हणजे त्या काळचा देशांतर्गत पत्राचा साधा दर. पण पत्र अंटार्क्टिकातल्या 'लिटल अमेरिका' तळावर जाऊन, तिथला शिक्का घेऊन परत यावं असं कुणाला वाटलं, तर त्याला वर आणखी 50 सेंट मोजावे लागत. म्हणजे तिकिटाचे 3 आणि ध्रुवाकडच्या प्रवासाचे 50.

ध्रुवीय मोहिमांची तिकिटं समजून घ्यायची तर हा हिशेब आधी लक्षात घ्यायला हवा. आपलं लक्ष सहसा चित्राकडे जातं: पेंग्विन, बर्फात अडकलेलं जहाज, कुत्र्यांची घसरगाडी. पण चित्र कुठल्याही छापखान्यात छापता येतं. पत्र खरोखर कुठे गेलं, कधी गेलं आणि ते कुणाच्या अधिकारात स्वीकारलं गेलं, हे शिक्क्यावरून कळतं. म्हणून वाचायला सुरुवात शिक्क्यापासून करायची.

आधी चार शब्द नीट वेगळे करू, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. तिकीट म्हणजे टपालखर्च भरल्याची पावती. तारखेचा शिक्का, ज्याला संग्राहक 'कॅन्सलेशन' म्हणतात, तो तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून टपाल खातं मारतं. त्यात ठिकाण आणि तारीख असते. कॅशे म्हणजे पाकिटाच्या मोकळ्या जागेवर मोहिमेने, जहाजाने किंवा एखाद्या संस्थेने उमटवलेलं सजावटीचं चित्र किंवा मजकूर. तो टपाल खात्याचा शिक्का नव्हे, त्याने काहीच रद्द होत नाही. आणि ओव्हरप्रिंट म्हणजे आधी छापून तयार असलेल्या तिकिटावर नंतर छापलेली अक्षरं. विक्रेते पुष्कळदा नुसता देखणा कॅशे दाखवून 'ध्रुवावरून आलेलं पाकीट' म्हणून विकतात. तारखेचा शिक्का मात्र ऑस्लोचा किंवा लंडनचा असतो. अशा पाकिटावर मोहिमेचं नाव असतं, पण ते पाकीट त्या मोहिमेबरोबर गेलेलं नसतं.

आता बर्ड मोहिमेचं एक पाकीट जवळून पाहू. तारखेत एकतर 31 जानेवारी 1934 दिसेल किंवा 30 जानेवारी 1935. वर्षभराचं हे अंतर का? पत्रं अपेक्षेपेक्षा फार जास्त आली, आणि तळावर माणसांना टपालाखेरीज शंभर कामं होती. पहिल्या हंगामात सगळ्या पत्रांवर शिक्के मारून होईनात. जहाज बर्फ गोठण्याआधी परत फिरतं, त्यामुळे राहिलेली पत्रं वर्षभर तिथेच पडली. शेवटी अमेरिकी टपाल खात्याने चार्ल्स अँडरसन या आपल्या अधिकाऱ्याला खास तेवढ्यासाठी लिटल अमेरिकाला पाठवलं आणि उरलेल्या पत्रांवर जानेवारी 1935 मध्ये शिक्के बसले. दोन्ही तारखा अस्सल आहेत. 1935 ची तारीख पाहून 'हा शिक्का मागाहून मारला' म्हणून पाकीट नाकारणारे लोक हकनाक चांगली वस्तू सोडतात.

याच तिकिटाबद्दल दुसरी एक गैरसमजूत. कडांना दाते नसलेलं बर्ड तिकीट सापडलं की लोक ती छपाईतली चूक समजतात आणि भाव चढवतात. प्रत्यक्षात फेब्रुवारी 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या तिकीट प्रदर्शनासाठी खात्याने याच तिकिटाचं सहाचं छोटं पान मुद्दाम बिनछिद्रांचं काढलं होतं. सुटं बिनदात्यांचं तिकीट बहुधा त्या पानातून कापलेलं असतं.

पैसा उभा करणारी तिकिटं

ध्रुवावर जाणं महाग होतं आणि सरकारं हात आखडता घेत. तिकीटसंग्राहक मात्र जगभर पसरलेले होते आणि दुर्मीळ शिक्क्यासाठी आनंदाने पैसे देत. हे ओळखून मोहिमांनी टपालाचा आधार घेतला. नॉर्वेने 1925 मध्ये रोआल्ड आमुंडसेन यांच्या उत्तर ध्रुवाकडच्या विमानमोहिमेला हातभार म्हणून 2 ते 25 ओरेंपर्यंतची सात तिकिटं काढली. बर्फावर उभं असलेलं अस्वल डोक्यावरून जाणारं विमान पाहतंय असं त्यांचं चित्र आहे. त्याच वर्षी 21 मे रोजी दोन विमानं स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंदहून उडाली, 88 अंशांच्या जरा अलीकडे बर्फावर उतरली, आणि तिथे हातांनी धावपट्टी तयार करून सगळी माणसं एकाच विमानातून जूनमध्ये परतली. ते ध्रुवावर पोचले नाहीत. तिकिटं मात्र त्याआधीच, एप्रिलमध्ये, विक्रीला आलेली होती. ध्रुवीय तिकिटांत असं वारंवार दिसतं: तिकीट योजना सांगतं, घडलं काय ते सांगत नाही. (याच न्यू-ओलेसुंदमध्ये 2008 पासून भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे.)

1931 चं उदाहरण याहून देखणं आहे. जर्मनीचं 'ग्राफ झेपेलिन' हे हवाई जहाज 27 जुलैला आर्क्टिकमधल्या फ्रान्झ जोसेफ द्वीपसमूहातल्या तिखाया उपसागरात पाण्यावर उतरलं. तिथे सोव्हिएत बर्फफोडं जहाज 'मालिगिन' थांबलेलं होतं. भेट मोजक्या मिनिटांची होती, कारण तरंगत्या बर्फाच्या लाद्यांत एवढा मोठा फुगा फार वेळ धरून ठेवणं धोक्याचं होतं. त्या मिनिटांत दोन्हीकडच्या टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल झाली. मालिगिनवरचं टपाल इव्हान पापानिन सांभाळत होते, तेच पुढे 1937 मध्ये तरंगत्या बर्फावरच्या पहिल्या सोव्हिएत ध्रुवीय केंद्राचे प्रमुख झाले. सोव्हिएत संघाने या भेटीसाठी चार तिकिटांचा संच काढला, दात्यांचा आणि बिनदात्यांचा असा दोन्ही प्रकारे. इथेही दिशा पाहायची असते: पाकीट झेपेलिनवरून मालिगिनवर गेलं की मालिगिनवरून झेपेलिनवर? तिकीट कोणत्या देशाचं आणि उतरल्याचा शिक्का कुठला, एवढ्यावरून ते कळतं.

हक्क सांगणारी तिकिटं

एखाद्या ओसाड भूभागावर आपलं राज्य आहे हे सिद्ध कसं करायचं? तिथे माणसं नाहीत, शेती नाही, कर नाही. पण टपालघर उघडलं, तिकीट विकलं, शिक्का मारला, तर 'आम्ही इथे कारभार करतो' असं कागदोपत्री म्हणता येतं. अर्जेंटिनाने 1904 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण ऑर्कनी द्वीपसमूहातल्या लॉरी बेटावर टपालघर सुरू केलं आणि उगो अकुन्या नावाच्या तरुणाला टपालाचं काम दिलं. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, 'ऑपरेशन टॅबरिन' या गुप्त मोहिमेतून पोर्ट लॉकरॉय आणि डिसेप्शन बेट इथे तळ उभारले आणि तळाबरोबर टपालघरंही उघडली. त्यासाठी फॉकलंडच्या तिकिटांवर ग्रॅहम लँड, साउथ जॉर्जिया, साउथ ऑर्कनीज आणि साउथ शेटलँड्स अशी चार वेगवेगळी नावं ओव्हरप्रिंट करून घेतली. 1947 मध्ये अर्जेंटिना आणि चिली या दोघांनी आपापल्या दाव्याचे नकाशे तिकिटांवर छापून उत्तर दिलं. त्या काळातली या तीन देशांची तिकिटं शेजारी-शेजारी ठेवली तर एकाच जमिनीवर तिघांच्या रेघा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. अंटार्क्टिकाच्या वादाचं इतकं स्वच्छ चित्र दुसरीकडे क्वचितच मिळेल.

1959 चा अंटार्क्टिक करार 1961 मध्ये लागू झाला आणि त्याच्या चौथ्या कलमाने हे दावे आहेत तिथे गोठवले: जुने दावे मोडीत काढले नाहीत, पण करार चालू असताना केलेल्या कशामुळेही नवा हक्क तयार होणार नाही. तरी तिकिटं थांबली नाहीत. ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक टेरिटरीची 1957 पासून, न्यूझीलंडच्या दाव्याखालच्या रॉस डिपेंडन्सीची 1957 पासून (1987 ते 1994 ची खंडित वर्षं सोडून), फ्रेंच दक्षिण प्रदेशांची 1955 पासून आणि ब्रिटिश अंटार्क्टिक टेरिटरीची 1963 पासून अशी स्वतंत्र तिकिटं निघत आली आहेत. फ्रेंचांचं पहिलं तर मादागास्करच्या तिकिटावर ओव्हरप्रिंट करूनच काढलेलं होतं. अमेरिका आणि भारत मात्र तिथल्या तळांवर आपली नेहमीचीच तिकिटं वापरतात.

नवा संग्राहक इथे एक ठरावीक चूक करतो. ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक टेरिटरीची तिकिटं ऑस्ट्रेलियातही टपालाला चालतात. त्यामुळे पाकिटावर त्या प्रदेशाचं नाव असलेलं तिकीट आणि सिडनीचा शिक्का असं सहज सापडतं. त्यात खोटं काही नाही, पण ते पत्र सिडनीतून निघालं, अंटार्क्टिकातून नव्हे. तिकिटावरचं नाव आणि शिक्क्यातलं ठिकाण या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचायच्या.

ओव्हरप्रिंट: सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त नक्कल होणारी

1908 मध्ये अर्नेस्ट शॅकलटन यांच्या 'निम्रॉड' मोहिमेसाठी न्यूझीलंडने आपल्या 1 पेनीच्या लाल तिकिटावर हिरव्या शाईत 'किंग एडवर्ड द सेव्हन्थ लँड' असं छापून दिलं आणि शॅकलटन यांनाच पोस्टमास्तर नेमलं. ठरलं होतं त्या भूमीवर उतरण्याचं, पण समुद्रातल्या बर्फाने वाट अडवली. तळ पडला रॉस बेटावर, केप रॉइड्सला. तिकिटावरचं नाव ज्या भूमीचं, तिथे ते तिकीट कधी वापरलंच गेलं नाही. पुढे ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट यांच्या 'टेरा नोव्हा' मोहिमेसाठी अर्धा आणि 1 पेनीच्या तिकिटांवर 'व्हिक्टोरिया लँड' हे काळ्या अक्षरांत छापलं गेलं. शेवटी पूर्णविराम होता, आणि काही तिकिटांवर तो पडायचा राहून गेला. पूर्णविराम नसलेली ती तिकिटं अस्सल आहेत आणि जास्त मोलाची आहेत.

मूळ तिकीट स्वस्त आणि ओव्हरप्रिंट केलेलं महाग, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला काम सोपं. त्याला संपूर्ण तिकीट बनवायचं नसतं, खऱ्या तिकिटावर चार शब्द उमटवायचे असतात. म्हणून तपासताना 10 पटीचं भिंग आणि तिरपा उजेड घ्या. पहिली गोष्ट, शाईंचा क्रम. अस्सल तिकिटावर आधी ओव्हरप्रिंट झालं, मग शिक्का. म्हणजे शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असायला हवी. एखाद्याने साध्या वापरलेल्या तिकिटावर नंतर अक्षरं छापली असतील, तर अक्षरं शिक्क्याच्या वर चढलेली दिसतात. अक्षरं आणि शिक्का जिथे एकमेकांना छेदतात ती जागा शोधा. तिथे निकाल लागतो. दुसरी गोष्ट, दाब. जुनं ओव्हरप्रिंट शिशाच्या खिळ्यांनी व्हायचं, त्यामुळे तिकीट उलटं करून तिरप्या उजेडात धरलं तर अक्षरांचा किंचित उठाव जाणवतो. आजच्या प्रिंटरच्या छपाईला असा उठाव नसतो आणि भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. तिसरी गोष्ट तारीख: मोहीम बर्फावर जेव्हा नव्हतीच, तेव्हाचा शिक्का असेल तर पुढे तपासायची गरज नाही. आणि रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र घ्याच. हे तिन्ही निकष पार केलेली नक्कलही असू शकते.

ओव्हरप्रिंटची सर्वांत गाजलेली चूक सोव्हिएत आहे आणि तिची पार्श्वभूमी ठाऊक असावी अशी आहे. फेब्रुवारी 1934 मध्ये 'चेल्युस्किन' हे जहाज आर्क्टिकच्या बर्फात चिरडून बुडालं. 104 माणसं तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली आणि एप्रिलपर्यंत विमानांनी त्यांना बाहेर काढलं. सात वैमानिक 'सोव्हिएत संघाचा वीर' या किताबाचे पहिले मानकरी ठरले. 1935 मध्ये या सुटकेवर दहा तिकिटांचा संच आला, त्यात सातही वैमानिकांचे चेहरे होते. त्यांपैकी सिगिस्मुंद लेव्हानेव्हस्की यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्को गाठायचं ठरवलं. त्यासाठी त्यांच्याच 10 कोपेकच्या तिकिटावर लाल शाईत नव्या मार्गाचं नाव आणि 1 रूबलची किंमत छापली गेली. इंजिनातून तेल गळू लागल्याने विमान बॅरेंट्स समुद्रावरूनच माघारी वळलं. आता तिकीट हातात घेतलं तर 'सॅन फ्रान्सिस्को'तलं रशियन 'फ' हे अक्षर बघा. काही तिकिटांवर ते मोठं असायचं तिथे लहान पडलं आहे. काहींवर सगळं ओव्हरप्रिंट उलटं, डोक्यावर उभं आहे. दोन्ही चुका एकत्र असलेली तिकिटं लिलावात फार मोठ्या किमतीला जातात आणि अर्थात त्यांच्या नकलाही तितक्याच होतात.

स्मरणार्थ काढलेल्या नंतरच्या तिकिटांबद्दल फार लिहायला नको, कारण त्यांत गुंतागुंत कमी आहे. ब्रिटनचा 1972 चा संच (रॉस, फ्रोबिशर, हडसन, स्कॉट), अमेरिकेचे 1986 चे आर्क्टिक आणि 1988 चे अंटार्क्टिक संशोधक, ब्रिटनची 2016 ची शॅकलटन आणि 'एन्ड्युरन्स'वरची आठ तिकिटं, यांपासून सुरुवात केली तर कमी खर्चात अभ्यासाचा चांगला पाया होतो. 1986 च्या संचात उत्तर ध्रुवाच्या मोहिमांसाठी ओळखले जाणारे रॉबर्ट पिअरी यांच्या शेजारी त्यांचे सहकारी मॅथ्यू हेन्सन आहेत, हे मुद्दाम पाहावं. या कृष्णवर्णी संशोधकाचं श्रेय कितीतरी दशकं पुसलेलं राहिलं होतं. फक्त एक सावधगिरी: ध्रुवाशी काडीचा संबंध नसलेल्या देशांच्या नावाने पेंग्विनांचे भडक कागद बाजारात पुष्कळ येतात, आणि त्यांतले काही त्या देशाच्या टपाल खात्याने काढलेलेच नसतात. जागतिक टपाल संघाची तिकीट-क्रमांक पद्धत 2002 पासून आहे. तिथे आणि गिबन्स, स्कॉट किंवा मिशेल या छापील तिकीट-सूचींपैकी एकीत नोंद सापडली तरच घ्या.

गोव्यातून अंटार्क्टिका

भारताची पहिली मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जणांना घेऊन 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून 'पोलार सर्कल' या नॉर्वेच्या जहाजाने निघाली, 9 जानेवारी 1982 ला अंटार्क्टिकावर उतरली आणि 21 फेब्रुवारीला गोव्यात परतली. तिच्यावर 1983 मध्ये 1 रुपयाचं तिकीट निघालं. 1984 मध्ये दक्षिण गंगोत्री तळावर टपालघर उघडलं. तळ हळूहळू बर्फात गाडला गेला, आणि 26 जानेवारी 1990 पासून टपालघर मैत्री केंद्रात आलं. भारती केंद्रातलं टपालघर एप्रिल 2024 मध्ये सुरू झालं. त्याचा पिन आहे एमएच-1718. अंटार्क्टिकाच्या पत्त्यात 'एमएच' कसं? मैत्री आणि भारती एकमेकांपासून सुमारे 3,000 किलोमीटरवर असली तरी दोन्ही टपालघरं गोवा टपाल विभागाखाली येतात, आणि गोवा विभाग महाराष्ट्र परिमंडळात आहे.

या शिक्क्यासाठी पाकीट पाठवायची पद्धत अशी: पत्रं गोव्यात वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात जमा होतात, वर्षातून एकदा मोहिमेबरोबर जातात, तळावर त्यांच्यावर शिक्का बसतो, गठ्ठा परत गोव्यात येतो आणि तिथून पत्रं नेहमीच्या टपालाने घरी पोचतात. मोहीम दक्षिणेच्या उन्हाळ्यात जाते, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात. दिवाळीनंतर पाठवलेलं पाकीट वर्षभर मागे पडू शकतं, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करून ठेवा.

पाकीट तयार करताना काही बारीक गोष्टी सांभाळा. साधं, जाड, बिनचकाकीचं पाकीट घ्या. गुळगुळीत कागदावर शिक्क्याची शाई फिसकटते. तिकीट उजव्या वरच्या कोपऱ्यात लावा आणि त्याच्या डाव्या बाजूला चार बोटं जागा मोकळी सोडा, म्हणजे वर्तुळ अर्धं तिकिटावर आणि अर्धं कागदावर उमटून तारीख वाचता येईल. गडद रंगाचं तिकीट टाळा, त्यावर काळा शिक्का बुडून जातो. आत पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घाला, नाहीतर पाकीट वाकतं आणि शिक्का मधोमध तुटतो. पत्ता बॉलपेनने लिहा. शाईचं पेन ओलाव्यात पसरतं. परतीचा दर चालू आहे तेवढा भरा, कमी पडला तर पाकिटावर दंडाची नोंद येते.

पाकीट हातात आलं की तिकीट पाण्यात भिजवून सोडवायचा मोह टाळा. शाळेत आपण सगळेच तसं करायचो, पण ध्रुवीय पाकिटात तिकीट, शिक्का, कॅशे आणि मागच्या बाजूचे पोचल्याचे शिक्के मिळून एकच पुरावा असतो. तिकीट सुटलं की बाकी सगळं सुटतं. कोकण, मुंबई, गोवा इथल्या हवेत बुरशीचे तपकिरी ठिपके एका पावसाळ्यात येतात. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या वापरू नका, त्यांतलं रसायन कागदात उतरतं. पॉलिएस्टरची पिशवी घ्या, अल्बम आडवा नव्हे तर उभा ठेवा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात अल्बम उघडायचाच झाला, तर ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी उघडा. हात कोरडे असले तरी तिकीट चिमट्यानेच उचला.